उलट टीप

झोपाळ्याची सीट फाटली ती सायरामुळे नाही.
तिला मात्र तसंच वाटतं,
परवापासून कुंपणापलीकडूनच बोलते.
बसलो दोघी होतो, वाटाणे सोलत,
आणि एकदम चर्रर्र!
ताट पालथं, वाटाणे थेट बोअरिंगपर्यंत,
दोघी पाइपात अडकलेल्या, पाय वर.
हसू आधी आलं, कंबर नंतर दुखली.

त्र्यंबक रोडच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
नुसती सीट येत नाही मावशी, अख्खा झोपाळाच घ्या,
सात हजार, घरपोच.
अरे, लोखंड शाबूत आहे, गंजसुद्धा नाही.
लुगडं फाटलं म्हणून बाई टाकून देतात का?
त्याला कळलं नाही.
मोबाइलमधले रंग दाखवत राहिला.

मग देवळाली कॅम्पात गेले,
एका बोळात जुन्या तंबूंचं कापड किलोवर मिळतं तिथे.
हिरवट, जाड, रॉकेलचा वास,
कोपऱ्यात कुणीतरी रंगाने घातलेला नंबर: ४१७.
पावणेतीन किलो भरलं.
दोरा भद्रकालीतून. तंगूस,
धरणावरचे जाळीवाले नेतात तो.

रात्री जुनी सीट उसवायला घेतली,
मापापुरती. दुसरं काही मनात नव्हतं.
ब्लेडने एकेक टाका उचलत गेले
आणि हात थांबला.

ही शिवण माझ्या ओळखीची होती.
दुहेरी टीप, इंचाला सहा टाके,
कडेची पट्टी दुमडून आत.
एकोणीस वर्षं अंबडला मी हीच टीप मारली,
गाड्यांच्या सीटा, नगावर पैसे,
मागे कोठावदे सुपरवायझर उभा,
त्याचं घड्याळ मनगटात नव्हतं, जिभेवर होतं.

सीट आमच्या कंपनीतली नव्हे.
लेबलावर कुठल्या लांबच्या देशाची अक्षरं,
बंद खिडक्यांसारखी.
पण मारणारी बाईच. एवढं मी सांगते.
सुरुवातीला सरळ, घट्ट, रेघ ओढल्यासारखी,
मग डाव्या कोपऱ्याच्या वीतभर आधी
टाके लांबत गेलेले,
सहाचे चार, चाराचे तीन,
आणि शेवटी दोरा लॉक करायला उलट टीप मारतात
ती मारलेलीच नाही.
फाटली ती तिथेच.

भोंगा व्हायला आला असेल.
बस चुकेल. पोर कुणाच्या तरी ओट्यावर बसून असेल.
किंवा आमच्या कलावती अहिरेसारखं,
सुई बोटातून आरपार, आणि सांगायचं कुणाला?
चिंधी गुंडाळायची, पुढचा नग ओढायचा.
मीही सोडलेत असे कोपरे.
कुठल्या गाडीत, कुणाच्या खाली, देव जाणे.

घरच्या मशीनवर अठरा नंबरची सुई दोनदा मोडली.
चार पदर एकत्र आले की ती हटूनच बसते.
शेवटी दाभण काढलं, पोती शिवायचं,
तळव्याला जुन्या चपलेचं चामडं बांधलं
आणि अंगणातल्या बल्बखाली बसले, कानाला रुमाल लावून.
जानेवारीची थंडी, बोटं लाकडाची.
टोचायचं, ओढायचं, आवळायचं.
कुणी मोजत नव्हतं.
मीच मोजत होते, सवयीने,
मग एकशेदहाच्या पुढे सोडून दिलं.

डावा कोपरा आला.
उलट टीप हाताने कशी मारतात?
मागे जायचं, त्याच भोकांतून, पुन्हा.
मारली.
मग आणखी एकदा, त्या बाईच्या वाटची,
जिचं नाव मला वाचता येत नाही.

सकाळी अडकवली. थोडी डावीकडे कलते.
४१७ आलाय बरोब्बर बसायच्या जागी.
एकोणीस वर्षं सीटा शिवल्या,
एकीवरही बसून पाहिलं नव्हतं.
बसले.
अंगठ्याने जमीन जरा ढकलली.
कड्या कुरकुरल्या, कापड नाही.

सायरा, वाटाणे आण, हाक मारली.
ती फाटकापर्यंत आली, थबकली, सीटकडे बघत.
ये गं.
या वेळी मला ठाऊक आहे कुणी शिवलीय,
आणि तिला घाई नव्हती.